स्पामध्ये गप्प पडून राहू नका : नागपूरहून समुद्राकडे सुट्टीला निघालेल्यांसाठी

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात सुट्टीच्या बॅगा निघतात. पूर्वी चिखलदरा किंवा पचमढी असायची, आता गोवा, केरळ, फुकेत, बाली असते. हॉटेलच्या बुकिंगमध्ये खाली कुठेतरी एक ओळ असते : स्पाचं एक सेशन मोफत, किंवा सवलतीत. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत हे सेशन वाया गेलं आहे. काहीजण जातच नाहीत. काहीजण जातात, तासभर अंग आखडून पडतात आणि बाहेर येऊन "ठीक होतं" म्हणतात.

मी पहिल्यांदा गेले ते बालीत, उबुडजवळच्या एका रिसॉर्टात. आदल्या दिवशी दुपारभर स्नॉर्कलिंग केलं होतं आणि पाठ उन्हाने भाजली होती. खोली गार, हाताचा दाब जास्त. थेरपिस्टने दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा "ओके" म्हटलं. एवढी महागडी जागा आहे, यांना कळत असेलच, असं मनात होतं. त्या रात्री पाठीवर झोपता आलं नाही. पुढच्या वर्षी आई आणि वहिनीला घेऊन केरळात गेले तेव्हा मी एकच गोष्ट वेगळी केली : गप्प राहिले नाही. आधी विचारलं, तिथे गेल्यावर सांगितलं आणि मधेच थांबवायचं तेव्हा थांबवलं. या लेखातली प्रत्येक पायरी त्याच गोष्टीकडे जाते, कारण आपल्याकडच्या माणसाचा स्पा पैशांपेक्षा संकोचामुळे जास्त बिघडतो.

खरं तर हे आपल्याला परकं नाही. आपल्यातल्या बहुतेकांना जन्मल्यानंतर पहिले काही महिने रोज मालीश झालेली असते. बाळंतिणीला तेल आणि शेक असतो. नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान असतं. आई म्हणाली, "मला शेवटची मालीश तुझ्या वेळच्या बाळंतपणात झाली, त्यानंतर कोणी माझ्या पाठीला तेल लावलं नाही." हे ऐकल्यावर आईला नेणं ही चैन आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

आधी ठरवा : कुठे जाताय आणि तिथलं काय घ्यायचं

प्रत्येक ठिकाणी "स्वीडिश मसाज" मिळतो. तो चांगलाही असतो, पण त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. त्या मातीतलं जे आहे ते घ्या.

केरळात अभ्यंग, शिरोधारा, पिळिच्चिल आणि किळी ही नावं दिसतील. शिरोधारेत कपाळावर कोमट तेलाची संथ धार साधारण अर्धा-पाऊण तास सोडतात. पिळिच्चिलमध्ये कोमट तेलात भिजवलेलं कापड अंगावर पिळत राहतात. किळी म्हणजे पाल्याची, चूर्णाची किंवा दुधात शिजवलेल्या 'नवरा' जातीच्या तांदळाची गरम पुरचुंडी, तिने अंग शेकतात. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना किळी फार आवडते, कारण शेकण्याची सवय अंगात असते. केरळात या उपचारांची पारंपरिक वेळ म्हणजे पावसाळ्यातला कर्कटकम महिना, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्याच्या सुट्टीऐवजी तेव्हा जाता आलं तर जरूर जा. एक काळजी मात्र घ्या. "एका दिवसात पंचकर्म" अशी पाटी दिसली तर पुढे चला. वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण ही पाच कर्मं वैद्याने तपासून, पथ्य सांभाळून, अनेक दिवसांत करायची असतात. दोन दिवस राहणाऱ्याने अभ्यंग किंवा शिरोधारा घ्यावी आणि समाधानाने परत यावं.

थायलंडचा मसाज तेलाचा नसतो. सैल सुती कपडे घालून गादीवर झोपायचं आणि थेरपिस्ट तळहात, कोपर, गुडघे वापरून अंग दाबते आणि ताणते. अंगावर कपडे राहतात, म्हणून लाजणाऱ्यांसाठी सुरुवात करायला हाच उत्तम. २०१९ मध्ये युनेस्कोने तो अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. बँकॉकच्या वाट फो मंदिरात त्याची शाळा १९५५ पासून आहे. हात मात्र दणकट असतो, पाठीचा जुना आजार असेल तर आधी सांगा.

बालीत बोरेह आणि लुलूर विचारा. बोरेह म्हणजे लवंग, आलं आणि तांदूळ वाटून केलेला गरम लेप, शेतात भिजून राबणाऱ्यांच्या दुखऱ्या अंगासाठीचा. लुलूर मूळचा जावाचा, हळद आणि तांदळाच्या पिठाचं उटणं आणि नंतर दह्याचा हात, लग्नाआधी नवरीला लावायचा. आपली हळद समुद्र ओलांडून भेटते, असं वहिनीला सांगितलं तेव्हा तिने परस्पर ठरवून टाकलं. शेवटी फुलांनी भरलेल्या टबात बसवतात. फोटो हवा असेल तर पाण्यात उतरण्याआधी टबाचा काढा आणि फोन बाहेर ठेवून या.

सहलीतला कोणता दिवस

लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पोहोचल्याच्या दिवशी नको. नागपूरहून मुंबई किंवा बंगळूरू, तिथून पुढचं विमान, असा बारा-पंधरा तासांचा प्रवास होतो. झोप नाही, पाणी कमी प्यालेलं, पाय सुजलेले. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर विश्रांतीने उतरतात. पण एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा आणि ऊब असेल तर मालीश करूच नका, थेट डॉक्टरकडे जा. लांब बसल्याने शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती चोळणं धोक्याचं आहे.

समुद्राचे दिवस आणि स्पाचा दिवस यांचा क्रम सांभाळा. स्क्रब झालेली, म्हणजे उटण्याने घासलेली, त्वचा नाजूक असते, तिला पुढचा दिवसभर कडक ऊन नको. भाजलेल्या त्वचेला तर चोळणंच नको. त्यामुळे सगळं पाण्यातलं आधी उरका, एक दिवस सावलीत काढा, मग स्पा. म्हणजे निघण्याच्या आदला दिवस. स्कुबा केलं असेल तर त्याच दिवशी खोल दाबाचा मसाज आणि जकुझी, म्हणजे गरम पाण्याचा टब, दोन्ही टाळा. डायव्हिंगनंतर सांधे किंवा स्नायू दुखणं हे शरीरात वायूचे बुडबुडे झाल्याचं लक्षण असू शकतं आणि मसाजने आलेल्या दुखण्यात ते लपून जातं.

वेळ दुपारची घ्या, साडेबारा ते चार. तेव्हा बाहेर नाहीतरी काही करता येत नाही. आपण नागपूरकर उन्हाला घाबरत नाही, खिशात कांदा ठेवून लग्नाच्या पत्रिका वाटत फिरणारी माणसं आहोत आपण, पण ते ऊन कोरडं. आपला घाम वाळतो, म्हणून तर आपल्याकडे कूलर चालतो. समुद्राकाठी ३२ अंशांतही घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. "४६ काढले, हे काय" म्हणून भर दुपारी फिरणारी आपली माणसं तिथे चक्कर येऊन बसलेली मी पाहिली आहेत.

बुकिंग करताना विचारायचं ते आताच विचारा

मेल करा किंवा फोन करा. पहिला प्रश्न : दर सगळ्या करांसकट आहे का? दरपत्रकावर आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं असतात, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. त्यांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर वेगळे. थायलंडमध्ये सेवाशुल्क १० टक्के आणि त्यावर ७ टक्के कर, म्हणजे ३,००० बाथचं बिल ३,५३१ होतं. बालीतल्या मोठ्या हॉटेलांत ही भर साधारण २१ टक्क्यांची असते, १० लाख रुपयांचे, म्हणजे त्यांच्या रुपियाचे, १२ लाख १० हजार होतात. शून्यं मोजताना घाई करू नका. १० लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाच हजारांच्या आसपास.

दुसरा प्रश्न : ६० मिनिटं म्हणजे टेबलवरची ६० मिनिटं, की पाय धुणं, कपडे बदलणं, चहा सगळं धरून? तिसरा : स्टीम (वाफेची खोली), सॉना (कोरड्या उष्णतेची खोली), जकुझी त्याच पैशांत वापरता येतं का आणि किती आधी यायचं? येत असेल तर पाऊण तास आधी जा, त्या वेळेचे पैसे दिलेलेच असतात. चौथा, आणि आपल्या बायका हाच विचारत नाहीत : थेरपिस्ट बाई असेल की पुरुष? केरळातल्या आयुर्वेद केंद्रांत स्त्रियांना स्त्री आणि पुरुषांना पुरुष ही पद्धत आहे. इतरत्र तुम्ही सांगाल तसं. काही न सांगितलं तर जो मोकळा असेल तो येतो. मग आत गेल्यावर नाही म्हणायला जीव धजत नाही. पुरुषांनीही विचारावं, माझ्या भावाला पुरुष थेरपिस्टच हवा होता आणि त्याने ते मला सांगितलं, स्पावाल्यांना नाही.

नवरा-बायकोने एका खोलीत घ्यायचं असेल तर "कपल रूम" आधी राखून ठेवावी लागते. वयस्कर माणसाला पहिल्यांदा नेत असाल तर घरातलं कोणीतरी त्याच खोलीत असू द्या. आईच्या शेजारच्या टेबलवर मी होते, म्हणूनच ती झोपू शकली.

तब्येतीचं काहीही लपवू नका

आत गेल्यावर एक फॉर्म देतात. आपण सगळ्यावर "नाही" करत खाली सही करतो. असं करू नका. हा फॉर्म म्हणजे त्या पूर्ण वेळेतला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल तर जाण्याआधी नागपुरातच आपल्या डॉक्टरांना विचारा. ताप किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर सेशन पुढे ढकला. गरोदरपणात स्टीम, सॉना आणि गरम टब नकोच. मालीश फक्त डॉक्टरांनी हो म्हटलं तर आणि त्याचं प्रशिक्षण असलेल्या हातांनीच. मधुमेहामुळे तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर गरम दगडांचा मसाज घेऊ नका. दगड जास्त तापला आहे हे तुम्हाला कळणारच नाही आणि भाजेल.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण परदेशातल्या फॉर्मवर ती बहुधा छापलेली नसते. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल आजार असलेल्या माणसाला शरीरातलं पाणी कमी होणं आणि एकदम थंडी लागणं, या दोन्हींमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. सॉनामध्ये घाम गाळायचा आणि मग बर्फगार पाण्याच्या कुंडात उडी मारायची, हा स्पामधला आवडता क्रम त्यांच्यासाठी घातक आहे. सॉना नको, थंड कुंड नको. कोमट खोलीत हलकी मालीश, तीही डॉक्टरांना विचारून आणि भरपूर पाणी पिऊन. फॉर्मवर जागा नसेल तर खाली हाताने लिहा आणि तोंडाने सांगा.

तेलाची ॲलर्जी तपासा. केरळात तिळाचं आणि खोबऱ्याचं तेल सर्रास असतं, इतरत्र बदामाचंही. शंका असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून वीस मिनिटं थांबायला सांगा. चांगली जागा याला कधी नाही म्हणत नाही.

निघण्याआधी

जेवण दीड-दोन तास आधी आणि हलकं. बिअर किंवा वाइन आधी नको, गरम वाफेत चक्कर येते. आदल्या दिवसापासून पाणी, शहाळं. स्क्रब घ्यायचा असेल तर त्याआधी २४ तास वॅक्सिंग किंवा दाढी नको, जबरदस्त झोंबतं.

दागिने खोलीतल्या लॉकरमध्ये ठेवून जा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर तसं सांगा, थेरपिस्ट मान आणि खांदे त्याला सांभाळून करते. पण मोत्यांना तेल आणि वाफ दोन्ही सोसत नाही. जोडवी आधीच काढा, पायाच्या बोटांची मालीश हा सगळ्या तासातला सर्वांत सुखाचा भाग असतो आणि जोडवी त्यात अडकतात. लेन्स काढून चष्म्यावर जा. नव्या जोडप्यांसाठी : हातावर मेंदी असेल तर स्क्रब हात-पाय सोडून करायला सांगा, एका सेशनमध्ये अर्धी मेंदी उतरते. लुलूरनंतर पांढरे कपडे घालू नका, हळद आपल्या घरी जशी लागते तशीच तिथेही लागते.

आत गेल्यावर

साधारण असं होतं. गवती चहा किंवा आल्याचं सरबत देतात. पाय धुतात, बालीत फुलांच्या पाण्याने. कोणीतरी खाली बसून आपले पाय धुतंय हे आपल्याला अवघड जातं, आईने तर पाय मागेच घेतले. नमस्कार करा आणि धुऊ द्या, तो त्यांच्या आतिथ्याचा भाग आहे. मग लॉकर, रोब, चपला आणि कागदासारखी एक वापरून टाकायची चड्डी.

कपड्यांबद्दल स्पष्ट सांगते, कारण हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त जणींनी हळू आवाजात विचारला. किती कपडे काढायचे ते तुम्ही ठरवता. अंग चादरीने झाकलेलं असतं आणि ज्या भागाची मालीश चालू आहे तेवढाच उघडा करतात. स्वतःची अंतर्वस्त्रं ठेवली तरी चालतात, फक्त ती तेलकट होणार हे धरून जुनी घाला. केरळातल्या पारंपरिक केंद्रांत लाकडी द्रोणीत झोपवतात आणि झाकणं तुलनेने कमी असतं, तेव्हा आधीच कापड मागून घ्या. छाती, पोट, मांड्यांचा आतला भाग यांपैकी काही नको असेल तर आडवं होण्याआधी सांगा.

स्टीम आणि सॉना आधी, मसाज नंतर. सॉना कोरडा, ७० ते ९० अंशांचा. स्टीम ४०-४५ अंशांचीच, पण हवा पाण्याने भरलेली. नागपूरकराला सॉना सोपा वाटतो आणि स्टीम गुदमरवते, कारण आपलं शरीर कोरड्या उष्णतेला सरावलेलं आहे. दोन्हीकडे पहिल्यांदा आठ-दहा मिनिटांच्या वर बसू नका. खालच्या पायरीवर बसा, वर जास्त तापतं. आत जाण्याआधी शॉवर घेणं ही सगळीकडची शिस्त आहे.

टेबलवर

पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी बोला : खोलीतली थंडी, हाताचा दाब, संगीताचा आवाज. एसी कमी करायला सांगा, तेल लागलेलं अंग लवकर गार पडतं. दाब "गोड दुखतंय" इथपर्यंत ठीक. श्वास अडकला किंवा मुठी आवळल्या गेल्या तर जास्त झाला. स्नायू सैल करायला गेलात आणि ते आखडून बसले, तर पैसे देऊन उलटंच झालं.

भाषा येत नाही म्हणून गप्प राहू नका, दोन-दोन शब्द पुरतात. बालीत "पेलान-पेलान" म्हणजे हळू, "साकित" म्हणजे दुखतंय, "चुकुप" म्हणजे पुरे. थायलंडमध्ये "बाव-बाव" म्हणजे हलक्या हाताने, "जेप" म्हणजे दुखतंय. मल्याळममध्ये "पदुक्के" म्हणजे हळू आणि दुखण्याला "वेदना"च म्हणतात. आईने हा शब्द ऐकल्यापासून त्या थेरपिस्ट बाईशी तिचं मस्त जमलं. एकीची मराठी, दुसरीची मल्याळम, आणि मधे तेवढा एक शब्द.

बोलायचं म्हणजे पूर्ण वेळ गप्पा नव्हेत. सूचना देऊन झाल्या की डोळे मिटा. झोप लागली तर लागू द्या, घोरणं त्यांना नवं नाही.

आणि एक गोष्ट ठाम. चांगल्या स्पामध्ये गुप्तांगांना कधीही स्पर्श होत नाही. कुठलाही स्पर्श खटकला, चादर नको तिथून सरकली, तर खात्री करत बसू नका. "स्टॉप" म्हणा, उठून बसा, रोब घाला, बाहेर या आणि मॅनेजरला सांगा. घरच्यांनाही सांगा. मुलींना पाठवण्याआधी हे वाक्य त्यांना स्वच्छ शब्दांत सांगून ठेवा.

उठल्यावर

झटकन उठू नका. बराच वेळ आडवं राहिल्यावर आणि गरम वाफेनंतर रक्तदाब खाली आलेला असतो. कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, मिनिटभर थांबा, मग पाय खाली. फरशी आणि तळपाय दोन्ही तेलकट असतात, चपला घातल्याशिवाय पाऊल टाकू नका. वयस्कर माणसं पडतात ती इथेच.

विश्रांतीच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटं बसा. केरळात तेल काढायला हिरव्या मुगाचं पीठ देतात, ते साबणापेक्षा चांगलं, घरच्या डाळीच्या पिठासारखंच. टिप द्यायची असेल तर स्थानिक नोटांत, थेरपिस्टच्या हातात द्या. बिलात सेवाशुल्क असेल तर सक्ती नाही. त्या संध्याकाळी पोहणं नको, बाजार नको. लवकर जेवून झोपा.

नागपूरला परतताना

तिथलं तेल आवडलं तर विकत घ्या, पण आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही. मोठी बाटली झाकणाला टेप लावून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा.

सोनेगावला उतरून विमानतळाबाहेर पडताच गरम हवेचा झोत तोंडावर येतो. चार दिवस दमट हवेत राहिलेली आणि नुकतीच स्क्रब झालेली त्वचा त्या कोरड्या हवेत एका दिवसात ताणायला लागते. आठवडाभर आंघोळीनंतर ओल्या अंगावरच थोडं तेल लावा, साबण कमी करा, आणि गाडीवर निघताना स्कार्फ बांधतोच आपण, त्याच्या आत सनस्क्रीनही लावा.

आईने कोचीहून तिळाच्या तेलाची एक बाटली आणली. दर रविवारी सकाळी ती पातेल्यात पाणी तापवून त्यात बाटली ठेवते, मोठ्या टॉवेलवर पालथी पडते आणि मला हाक मारते. मी दाब जास्त दिला की ती म्हणते, "पदुक्के."